पानाबाहेर गेलेला नियम

साधा मजकूर देखणा करण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवसभर ती एका कचेरीत दुकानांच्या वेबसाइट सजवायची: बटणांचे रंग, ओळींमधलं अंतर, कडेची मोकळी जागा. घरी आली की त्याच हत्यारांनी धाकट्या भावाच्या खेळाची पानं बांधायची.

भाऊ गोदामात आला-गेला माल तपासायचा, पण जीव सगळा त्या खेळात. रविवारी टेबलाभोवती चार मित्र जमायचे, फासे टाकायचे, आणि भाऊ गोष्ट सांगत त्यांना एका बुडालेल्या शहरातून फिरवायचा. शहर त्याचं, राक्षस त्याचे, नियमही त्याचेच. ताईनं त्यांना जुन्या ग्रंथाचं रूप दिलं होतं: पिवळट कागद, दोन रकाने, प्रकरणाचं पहिलं अक्षर वेलबुट्टीचं.

"माझे राक्षस भिकारी गं, पण तू त्यांना राजाचे कपडे चढवलेस," भाऊ म्हणायचा. मध्येच सुचवायचा, "अक्षर जरा मोठं कर ना."

"रकाना बिघडतो," म्हणून ताई उडवून लावायची.

एका रविवारी ती नवं प्रकरण छापून घेऊन आली आणि भावाच्या पाठीशी उभी राहिली. एका मित्रानं विचारलं, "बुडणाऱ्याला वर ओढायचं तर काय नियम?"

भावानं पान उचललं, बोट ठेवलं आणि नियम घडाघडा वाचून दाखवला.

ताईनं वाकून पाहिलं. पानाची उंची तिनं पक्की बांधून टाकली होती. मजकूर जास्त झाल्यामुळे खालच्या ओळी छापल्याच गेल्या नव्हत्या. तो नियम त्या पानावर नव्हताच. भावाचं बोट एका चित्रावर होतं.

मित्र गेल्यावर तिनं दार लावलं. "तो नियम कुठे वाचलास?"

"पानावर. आणखी कुठे?"

"पानावर नाहीये तो."

भावानं हातातलं पान खाली ठेवलं. "सगळे पाठ आहेत मला," तो म्हणाला. "समोरचं थोडं दिसतं. किल्लीच्या भोकातून पाहावं तसं. कडेचं सगळं गेलं."

"बाबांसारखं?"

बाबांनी शेवटची वर्षं भिंती चाचपत काढली होती. भावानं मान डोलावली. "कुणाला सांगितलं की खरं होईल, असं वाटायचं."

"अरे मूर्खा, औषध असतं त्याला!" ताई ओरडली आणि मग रडायलाच लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असतात तर बरीच वाचली असती."

ताईनं पिवळा कागद काढून टाकला, रकाने मोडले, वेलबुट्टी पुसली. संगणकाच्या काळ्या पडद्यावर अंगठ्याएवढी पांढरी अक्षरं केली. तीही काही महिनेच पुरली. शस्त्रक्रियेनंतरही एक डोळा मिटल्यासारखाच राहिला. मग तिनं सगळी सजावट उतरवली आणि नुसते मथळे आणि मजकूर ठेवला, म्हणजे फोन ते भावाला मोठ्यानं वाचून दाखवेल. बुडालेलं शहर आता लिफ्टमधल्या घोषणेच्या सुरात ऐकू यायचं.

गोदामानं त्याला घरी बसवलं. मित्र चाराचे दोन झाले. फाशावर काय पडलं ते त्यांनीच सांगायचं. भावाला वाटू लागलं की हे खोटं सांगतात. एकदा तसं तोंडावर बोलला. "तुझी कीव येते म्हणून येतो आम्ही," मित्रही तावातावानं बोलून गेला. त्यानंतर दोघेही फिरकले नाहीत.

ताई रोज संध्याकाळी संगणक उघडून बसायची. "सांग, पुढचं प्रकरण मी लिहून घेते."

काही दिवस त्यानं टाळलं. मग एकदा म्हणाला, "नको गं. आधी डोळे मिटले की गल्ल्या दिसायच्या. आता आतलंही शहर दिसत नाही."

डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती. तिनं बाटलीचं झाकण काढलं, त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, "वर बघ."

त्यानं वर पाहिलं.