धबधब्यामागचं दार

दादाच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच आहे. मधली तीन बोटं तेरखेड्याच्या एका शेडमध्ये गेली. त्या दिवशी त्या शेडमध्ये मी असायला हवं होतं. एवढं लिहायलाही मला सहा वर्षं लागली.

आमच्या या तेरखेड्यात फटाके बनतात. गावाबाहेर माळावर शेड आहेत, आणि दिवाळीच्या आधी दोन महिने तिथं कुणाच्या हाताला उसंत नसते. आमच्या घरात आजोबांपासूनचा एक नियम होता: एका घरची दोन माणसं एकाच दिवशी शेडवर जायची नाहीत. का, ते कुणी बोलून दाखवलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. त्यामुळं कॉलेजला सुट्टी असली की दादा आणि मी पाळीपाळीनं वाती बसवायला जायचो. एक दिवस तो, एक दिवस मी.

उरलेला वेळ भांडणात जायचा. पुण्याचा आतेभाऊ सुट्टीला आला की टीव्हीला जोडायचं गेमचं जुनं मशीन घेऊन यायचा, आणि सोबत मारामारीच्या गेमच्या एका मालिकेचे दोन-तीन भाग. त्यात समोरासमोर दोन गडी, एक चौथरा, आणि एक जण आडवा होईपर्यंत हाणामारी. गोष्टबिष्ट काही नाही. दादा माझी धुलाई करायचा. मी बटणं नुसती बडवत राहायचे, तो मोजून तीन दाबायचा आणि माझा गडी चौथऱ्याखाली. वर पुन्हा म्हणायचा, "भाकरी थापतीस का काय?" मी रिमोट आपटायचे, मग आतेभाऊ मध्ये पडायचा, मशीनच्या काळजीनं.

त्या वर्षी त्यानं वेगळी सीडी आणली. त्याच मालिकेतले दोन गडी, पण चौथरा गायब. एकमेकांना तुडवणारे हे दोघं आता सोबतीनं वाटेला लागलेले. जंगल, पडके पूल, बंद दारं. मारामारी होतीच, पण खरं काम वाट शोधायचं. दादानं कव्हर उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "उद्या बघू."

उद्याची पाळी माझी होती, आणि परवा सकाळी आतेभाऊ परत जाणार होता. म्हणजे उद्या दादा दिवसभर खेळणार, मी वाती बसवणार, आणि संध्याकाळी हा मला वाट दाखवत बसणार. माझं पित्त खवळलं. सकाळी डोकं दुखतंय म्हणून मी पांघरूण ओढून पडले.

दादानं माझ्या कपाळाला हात लावला. तो उजवाच होता. "पड तू, म्या जातो," म्हणाला आणि माझ्यासाठी बांधलेला डबा उचलून गेला.

आई-अण्णा शेतात गेले, आतेभाऊ मित्राला भेटायला येडशीला गेला, आणि मी उठून गेम लावला. दुपारपर्यंत मी एका धबधब्याजवळ पोचले. बराच वेळ तिथंच घुटमळले, मग कळलं की पाण्याच्या मागं दार आहे. ते उघडतंय तोवर माळावरून आवाज आला. आमच्याकडं फटाक्याच्या चाचणीचा आवाज लहान पोरांनाही ओळखू येतो. हा तो नव्हता.

सोलापूरच्या दवाखान्यातून दादा दीड महिन्यानं घरी आला. तेव्हापासून उजव्या हातावर कायम पंचा. जेवायचाही डाव्या हातानं, चमच्यानं, भिंतीकडं तोंड करून. कुणी आलं की आत जायचा. अण्णांनी शेडचं नाव काढणं सोडलं. आईनं टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला. बातम्यासुद्धा आम्ही मुक्या बघायचो. मी तर सगळ्यांत गप्प. माझं डोकं दुखत होतं, हीच गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती.

आतेभाऊ मशीन दादासाठी ठेवून गेला होता. उन्हाळ्याच्या तोंडाला मी ते माळ्यावरून काढलं. एका रिमोटची वायर उंदरानं कुरतडलेली, एकच चालू होता. दादाला म्हटलं, "तू डाव्या हातानं रिमोटवरची दांडी धर, गडी चालव. उजवीकडची बटणं मी दाबते." तो नको म्हणाला. चार दिवस मी रोज दुपारी मशीन लावून नुसती बसून राहिले. पाचव्या दिवशी तो शेजारी येऊन टेकला.

असे आम्ही दोघं मिळून एक गडी झालो. तो चालायचा, मी मारायचे. सुरुवातीला तो वळायच्या आत माझी लाथ जायची, भलतीकडंच. हळूहळू जमलं. एकदा त्यानं सवयीनं म्हटलंही, "भाकरी थापू नको," आणि मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी चुकले. वाट मला सगळी पाठ होती. तरी तो अडला की मीही अडल्यासारखं करायचे, चुकीचे पूल सुचवायचे. वाटायचं, हा गेम एकदा संपला की मग सांगू.

एका दुपारी धबधबा आला. दादा डावीकडं गेला, कड्यावर गेला, परत आला. पाचसहा फेऱ्या झाल्या. मला राहवलं नाही. "तिकडं न्हाय रं दादा, पाण्यात घुस. मागं दार हाय."

तो पाण्यात घुसला. दार होतं. त्यानं दांडीवरचा अंगठा काढला.

"तुला कसं ठावं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "ही सीडी आपुन त्या दिसाच्या आदी लावलीच नव्हती, आन् नंतर मशीन माळ्यावरच व्हतं."

"व्हय," मी म्हटलं. "म्या लावली. त्याच दिशी. माझं डोकं दुखत नव्हतं, दादा."

त्यानं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून बाहेर गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी मशीन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर ते दारही गेलं असतं, असं काहीतरी मला वाटत होतं. जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, ऊन लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. माझ्या डाव्या बाजूला बसायचा तो, त्या दिवशी उजव्या बाजूला बसला. पंचा काढून खांद्यावर टाकला. मी तो हात पहिल्यांदाच उघडा बघत होते. करंगळीनं त्यानं रिमोटची कड पकडली आणि अंगठा बटणांवर ठेवला.

"तू चालव," म्हणाला. "तुला वाट ठावी हाय. मारायचं म्या बघतो."

मला पडदा दिसेना. मी दांडी कशीबशी पुढं ढकलली.

"आन् आवाज सोड," तो म्हणाला.

मी आवाज सोडला. आई चुलीपुढून धावत दारात आली आणि त्याचा हात बघून तिथंच थांबली. दाराआड भलामोठा राक्षस होता आणि दादाचा अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर वेळेत पोचत नव्हता. आम्ही मेलो. पुन्हा लावलं, पुन्हा मेलो. त्यानं मला माफ केलं का, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. त्या दुपारी आम्ही त्या दारात अकरा वेळा मेलो, आणि दर वेळी त्यानं पंच्याला हात न लावता एवढंच म्हटलं, "परत लाव."