कोरड्या चटणीचं अपील

आदरणीय तात्यासाहेब वकील यांची आणि माझी पहिली गाठ पडली तीच मुळी तणतणत. वडूजहून पहिल्या मोटारीनं मी साताऱ्याला गेले होते. हातात सरकारी कागद होता आणि त्यांच्या ओट्यावर माझ्या आधी आलेली माणसं बसली होती. मला थांबणं जमत नाही. सरळ आत गेले आणि म्हणाले, "आवं वकीलसाहेब, ह्यो कागद वाचा आन् सांगा, आमी चटणी करतो का माती?"

दुसऱ्या कुणी मला बाहेर बसवलं असतं. तात्यासाहेबांनी आधी ओट्यावरच्या मंडळींची परवानगी मागितली आणि मग कागद दोनदा वाचला. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "चटणी आणलीय का?"

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. गौरवग्रंथात लिहिणारी मी बाई नव्हे. पण तात्यासाहेबांच्या साठीला लिहायचं तर जे घडलं तेच लिहिणार.

लढाईच्या दिवसांत आमच्या भागातला घरटी एकेक माणूस पलटणीत होता. आम्ही वडूजच्या काहीजणी मिरची, वाळवलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे भाजून उखळात कांडायचो आणि डबे भरून पलटणीच्या कॅन्टीनला द्यायचो. डब्यावर "सातारी चटणी" असं लिहिलेलं असायचं. ते नाव दिसलं की आमच्याकडची माणसं दुसऱ्या डब्याला हात लावत नसत. हे बघून सांगलीच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं चिंचगुळाचं ओलं काहीतरी बरण्यांत भरलं, त्यावर हेच नाव छापलं आणि अर्ज करून ते नाव आपल्या एकट्याच्या हक्काचं करून घेतलं. आम्हाला हुकूम आला: चटणी म्हणजे ओला पदार्थ, तुमचा माल कोरडा, सबब ती भुकटी. डब्यावर "सातारी चटणी" लिहाल तर माल जप्त होईल. नाव गेलं की कॅन्टीन गेलं, आणि कॅन्टीन गेलं की आमच्यातल्या ज्यांच्या घरी कमावतं कुणी उरलं नव्हतं त्यांची चूल गेली. इतकी साधी गोष्ट होती.

तात्यासाहेबांची कामाची रीत अशी की डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते शाईत टाक बुडवत नाहीत. आठवड्यात ते वडूजला आले. माझ्या पडवीत पाटावर बसले आणि कांडण बघता बघता स्वतःच उठून मुसळ हातात घेतलं. चार-पाच घाव घातले आणि शिंकायला लागले, ते थांबेचनात. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या जनाकाकी म्हणाल्या, "साहेब, ह्ये कोर्ट न्हवं. हितं तोंड मिटून काम करत्यात."

तात्यासाहेब शिंकता शिंकता म्हणाले, "काकी, पुरावा नाकात गेला."

मग त्यांनी प्रत्येकीला वेगवेगळं विचारलं, "तुम्ही ह्याला काय म्हणता?" आणि प्रत्येकीचं उत्तर तिच्या नावासकट लिहून घेतलं. मी वैतागले. "एकच शबूद कितींदा लिवणार? समद्याच चटणी म्हंत्यात."

"कचेरीत तो एकच शब्द ठाऊक नाही, बाई. म्हणून इतक्यांदा लिहायचा."

संध्याकाळी अपिलाचा मसुदा ते आम्हाला वाचून दाखवू लागले. अर्ध्यावर आला असेल नसेल, मी म्हणाले, "पुरं. सही कुठं करू?" त्यांनी बजावलं, "शेवट ऐका, शेवटच महत्त्वाचा आहे." मी ऐकला नाही. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं भांडण माझ्या या घाईतून झालं.

सुनावणी साताऱ्याला झाली. अपील ऐकणारे साहेब परगावचे. ते म्हणाले, "पाट्यावर वाटतात ती चटणी. उखळात कांडतात तो मसाला. यात वाद कसला?" व्यापाऱ्याचे वकील मान डोलवत होते. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, पण तात्यासाहेबांनी मागं न बघताच हात वर करून मला गप्प केलं. त्यांनी वाद घातलाच नाही. दारातल्या पट्टेवाल्याला एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. तो आमच्याच बाजूचा, माणदेशाकडचा होता.

"गड्या, दुपारच्या भाकरीसंगं आज काय आणलंयस?"

"चटणी हाय जी."

"ओली का कोरडी?"

पट्टेवाल्याला वाटलं वकिलांचं डोकं फिरलं. "आवं साहेब, वली असती तर ठेचा म्हनलो असतो न्हवं?"

साहेबांनी त्याला फडकं सोडायला लावलं. आत दोन भाकरी आणि त्यावर लाल, कोरडी, रग्गड चटणी. साहेबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि दोनदा पाणी मागवलं. पट्टेवाला हळूच म्हणाला, "लय तिखट न्हाई, साहेब. बायकूनं आज हात आखडता घेतलाय." सगळी कचेरी हसली, साहेबही हसले.

अपील आम्ही जिंकलो. व्यापाऱ्याचा हक्क रद्द झाला. पण तात्यासाहेबांनी निकालाचा शेवट मराठीत सांगितला तेव्हा माझा पाराच चढला. त्यांनी नाव आमच्या एकट्यांसाठी मागितलंच नव्हतं. सातारा जिल्ह्यात जी कुणी ही चटणी कांडील तिला ते नाव लिहिता यावं, असं मागितलं होतं, आणि तसंच मिळालं होतं. कचेरीच्या पायरीवर मी ओरडले, "राबलो आमी आन् नाव वाटलं समद्यांस्नी व्हय?"

ते शांतपणे म्हणाले, "सुंदराबाई, मेढ्याच्या बायका चटणी कांडतात की नाही?"

"कांडत्यात. पर लसणाला हात राखत्यात."

"नाव तुमच्या एकट्यांचं झालं असतं, तर उद्या त्यांना तुम्ही काय कागद पाठवला असता? तुमची ती भुकटी, असाच ना?"

मी पाठ फिरवून वडूजची मोटार धरली. समोरच्याचं खरं असलं की मला जास्त राग येतो. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्या दोन महिन्यांत त्यांनी एक काम केलं. निकाल इंग्रजीत होता. त्याचं त्यांनी स्वतः मराठी केलं, आणि मी अक्षर अक्षर लावून वाचते हे ध्यानात ठेवून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून मला धाडलं. वर चिठ्ठी नाही, काही नाही. मला ते वाचायला तीन दिवस लागले. "सर्व स्त्रिया" या दोन शब्दांवर माझं बोट बराच वेळ थांबलं. दुसऱ्या दिवशी मी चटणीचा डबा घेऊन साताऱ्याची मोटार धरली. आत गेल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "या. तुमच्या वहिनी भाकरीच थापतायत."

आज मेढ्यात, कऱ्हाडात, कुठं कुठं बायका या नावानं डबे भरतात. कऱ्हाडच्या खोबरं फार घालतात, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. पण मागं तिथल्या एकीच्या मालाला कुणा कारकुनानं हरकत घेतली, तेव्हा ती वडूजला धावत आली, आणि तात्यासाहेबांनी लिहिलेला तो कागद घेऊन मीच तिच्याबरोबर गेले. कारकुनानं वाचला आणि डबे सोडले.

या ग्रंथाच्या मंडळींनी माझ्या नावाखाली "सातारी चटणीच्या मालकीणबाई" असं छापायचं ठरवलं होतं. मी ते खोडायला लावलं. "वडूजच्या एक कांडणाऱ्या" असं लिहा म्हटलं.

तात्यासाहेबांना देवानं शंभरी द्यावी, आणि ती अंथरुणातली नव्हे, चालती-बोलती, दोन वेळा भाकरी पचवणारी द्यावी. माझी मागणी एवढीच आहे. तिच्यावर कुणी अपील करू नये.