तोंडातल्या टाचण्या

शनिवारी दुपारी सव्वाचारला टेलरबाई चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या मुठीत एक चिठ्ठी होती. आठवडाभर आठवून आठवून लिहिलेली. एकही मुद्दा सुटायला नको होता.

बावीस वर्षं त्यांनी धाकट्या बहिणीला आपल्या शेजारच्या मशीनवर बसवलं. कात्री धरायला शिकवलं. आणि ही बया एका सोमवारी, ताई दाताच्या डॉक्टरकडे गेल्याचं बघून, कपडे बेतायचे सगळे कागदी नमुने गुंडाळून समोरच्या गाळ्यात गेली. तिथे पाटीसुद्धा लावून तयार! म्हणजे पाटी रंगवायला दिली, तेव्हा ती दुकानातल्या टेबलावर ताईच्या डब्यातलं जेवत होती. नमुन्यांपेक्षा ते जेवण बाईंच्या जास्त जिव्हारी लागलं.

फादर कानाने जड. बाईंनी जाळीतून खणखणीत आवाजात वाचलं : विश्वासघात, चोरी, खोटेपणा, कृतघ्नपणा. मागची रांग कान टवकारून उभी.

"झालं?" फादरांनी विचारलं.

"झालं."

"हे तर तुझ्या बहिणीचं झालं, बाई. तिला पाठव. तुझं काय?"

"माझं? माझं नेहमीचंच. चिडचिड. एकदा प्रार्थना चुकली."

"नीट आठवून ये. मी सहापर्यंत आहे."

बाई ताडकन उठल्या. म्हणजे फादरही तिच्याच बाजूचे! कान भरले असणार मेलीने. पण त्यांना ऐकू तरी कुठे येतं?

दुकानात बँकेतल्या मॅडम नवा ड्रेस घालून आरशासमोर उभ्या होत्या. बाई तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसल्या आणि घेर दुमडू लागल्या.

"काय नाजूक भरलंय हो कॉलरवर! तुमच्या हाताला तोड नाही."

"हं," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या. सवयीने.

कॉलर बहिणीने भरली होती. जायच्या आधीचं तिचं शेवटचं काम.

बाईंचा हात थांबला. बावीस वर्षं गिऱ्हाइकं असंच म्हणत आली आणि त्या उत्तर देत आल्या, "अहो, हात बसलाय आता." तेव्हा इथे, या फरशीवर, बहीण बसलेली असायची. तोंडात टाचण्या. ती काय बोलणार होती? एकदाच तिने विचारलं होतं, "ताई, पाटीवर माझं नाव घालशील?" ताई हसल्या होत्या. "जागा कुठंय गं पाटीवर?"

बाईंनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"कॉलर माझी नाही, मॅडम. बहिणीची आहे."

"समोरच्या? पण तुम्ही तर नेहमी..."

"हो. नेहमीच."

पावणेसहाला त्यांनी शटर ओढलं. समोरची पाटी दिसली. राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो घेऊनच त्या गेल्या.

"आता कोणाचं आणलंस?" फादर म्हणाले.

"माझं," बाई पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

मागे रांग होती. बाईंनी मोठ्याने सांगितलं.