महारुद्रप्पा सर आणि ध्रुवावरची वाट

महारुद्रप्पा सरांची आणि माझी पहिली भेट दिल्लीत झाली. एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात मी शिकाऊ म्हणून रुजू झालो होतो. घरी फोन करताना माझ्या तोंडून "व्हय, पोचलो" असं गेलं आणि समोरच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली.

"कुठलं गाव?"

"ढोकी."

"साखर कारखान्याचं ढोकी? मी तिकडच्याच जळकोटचा. रविवारी जेवायला या घरी."

सरांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी लिहायचं तर आधी ते काम सांगायला हवं, कारण गावात अजूनही अनेकांना सर विमान चालवत असत असं वाटतं. विमानानं कुठल्या वाटेनं जायचं, इंधन किती घ्यायचं, अडचण आली तर कुठं उतरायचं, हे उड्डाण नियोजक जमिनीवर बसून ठरवतो. आराखड्यावर त्याची आणि वैमानिकाची, दोघांची सही लागते.

त्या रविवारी काकूंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. जेवणानंतर सरांनी टरबूज मागवलं. सुतळीचं एक टोक दिल्ली म्हणून, दुसरं पलीकडच्या अंगाला अमेरिका म्हणून धरलं. सुतळी ताणली तशी ती वर सरकत देठापाशी गेली.

"ही जवळची वाट, उत्तर ध्रुवाकडून," सर म्हणाले. "पण तिथं उतरायला जागा थोड्या, त्याही बर्फातल्या. नेहमीचे उपग्रह विषुववृत्तावर, ते तिथून दिसत न्हाईत. सूर्यावर वादळ उठलं की लांब पल्ल्याचा रेडिओही बंद पडतो. म्हणून सही करण्याआधी स्वतःला विचारायचं, वरच्यानं हाक मारली तर आपल्याला ऐकू येईल का?"

शिकवण्याची त्यांची हीच पद्धत होती. नियोजकाच्या परीक्षेत मी नापास झालो तेव्हा त्यांनी स्वतःची रजा टाकून मला घरी बसवून शिकवलं आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षरही काढलं नाही.

आता ज्या दिवसाबद्दल लिहू नये असं सरांना वाटतं, त्याबद्दल लिहितो.

सूर्यावर वादळाची शक्यता असल्याचा अंदाज सकाळीच आला होता. ध्रुवावरूनही लागतो तो खास उपग्रह-फोन त्या विमानात नादुरुस्त होता; तसं उडायला नियमाची मुभा होती. सरांनी लांबची, दक्षिणेकडची वाट सुचवली. त्यात मध्ये इंधनासाठी थांबावं लागलं असतं, वैमानिक बदलावे लागले असते, प्रवासी खोळंबले असते. वरिष्ठ म्हणाले, "अंदाज आहे, वादळ नव्हे. नियमात बसतंय."

"नियमात बसतंय साहेब. पण मी सही करणार नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या अधिकाऱ्यानं सही केली. विमान गेलं. दुपारी वादळ आलं आणि विमानाशी रेडिओवरचा संपर्क तुटला. सर आपल्या टेबलावरून हलले नाहीत. कळेल त्या प्रत्येक केंद्राला विचारत राहिले. उत्तर एकच येत होतं, काही ऐकू येत नाही.

त्याच वेळी विमानात मुलाला भेटायला निघालेल्या एका वयस्क गृहस्थांच्या छातीत दुखू लागलं होतं. शेजारी त्यांची पत्नी होती. विमानात डॉक्टर नव्हता. जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलता येत नव्हतं. जवळचा विमानतळ बर्फात उघडा आहे की बंद, हेही वैमानिकाला कळत नव्हतं. संपर्क जुळेपर्यंत तो पुढं जात राहिला. विमान उतरलं तेव्हा ते गृहस्थ गेले होते.

ते बीदरकडचे. सरांना कन्नड येतं म्हणून कंपनीनं सरांनाच त्यांच्या पत्नीला भेटायला पाठवलं. मी सोबत होतो. त्या बाईंना सर 'अक्का' म्हणाले. बाईंनी विचारलं, "इतका वेळ खाली कुणीच नव्हतं?"

"आम्ही होतो अक्का. तुमच्यापर्यंत पोचत नव्हतो."

"मग पाठवलं कशाला त्या वाटेनं?"

सरांना सांगता आलं असतं की मी सही केली नव्हती. ते त्यांनी सांगितलं नाही. हात जोडून बसून राहिले. परतताना उमरग्यात जेवायला थांबलो, तर पान तसंच ठेवून उठले.

चौकशीचा निष्कर्ष निघाला, सर्व काही नियमात बसत होतं. उपचार मिळाले असते तर ते गृहस्थ वाचले असते का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण पुढं सरांनी नेट लावून एक नियम करून घेतला : खास फोन नादुरुस्त असेल आणि वादळाचा अंदाज असेल तर ध्रुवावरून विमान न्यायचं नाही. आमच्या विभागात तो सरांच्याच नावानं ओळखला जाई.

निवृत्तीनंतर सर जळकोटला परतले. मुलगी अमेरिकेत आहे, सारखी बोलावते. सर गेले नाहीत. "भीती न्हाय," ते मला म्हणाले, "पण त्या वाटेवर प्रवासी म्हणून बसवत न्हाय."

यंदा कंपनीनं तो नियम काढून टाकला. मीच सरांना फोन करून सांगितलं.

"तू विरोध केलास?"

"केला सर."

"ऐकलं त्यांनी?"

"न्हाय."

"मग माझं सगळं तिथंच संपलं म्हणायचं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

अशा ग्रंथात शेवटी लिहावं की सरांनी लावलेलं रोप वाढतं आहे. ते खरं नाही, आणि खोटं लिहिलेलं सरांना चालत नाही. त्यांच्या टेबलावर आज मी बसतो. सही नाकारतो, आणि विमान दुसऱ्याच्या सहीनं जातं. हे बदलेल असं मला दिसत नाही. तरीही सरांनी शंभरी गाठावी. त्यांचे गुडघे चालते राहोत, नजर शाबूत राहो, काकूंची साथ राहो. आणि ती दुपार मध्ये न येता त्यांना रोज पोटभर जेवण जावो, एवढंच मागणं आहे.