नानांचं जपानी

धुळ्याच्या दवाखान्यातून जुईच्या बाबांचा फोन आला, तेव्हा मी तिचा डबा भरत होते. “नाना गेले,” एवढंच ते म्हणाले. तव्यावरची पोळी करपत राहिली... त्याला आता सहा आठवडे झाले.

नाना माझे थोरले भाऊ. तरुणपणी तीन वर्षं जपानच्या एका कारखान्यात यंत्रं जोडायला शिकले, मग निवृत्त होईपर्यंत इथेच, जळगावात नोकरी केली. लग्न केलं नाही. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायचे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या नऊ वर्षांच्या जुईने हट्ट धरला, “मामा, मला जपानी शिकवा.”

“बठ्ठं इसरी गऊ, पोरी,” सगळं विसरलो म्हणत नाना हसले. तरी शिकवायला बसले. डोळे मिटून, बोट हवेत फिरवत अक्षर शोधायचे. आज चुकलेलं उद्या स्वतःच सुधारायचे. हळूहळू भाषा परत येऊ लागली. आम्हाला केवढं कौतुक!

मग एकदा जेवताना त्यांनी रिकामं भांडं माझ्यापुढे धरलं. “मिझु.”

“काय?”

“मिझु... मिझु.”

“आई, पाणी मागताहेत,” जुई म्हणाली. आम्ही हसलो. नाना हसले नाहीत.

पुढे ‘खिडकी’ हा शब्द गेला, मग ‘चप्पल’ गेला, आणि एका सकाळी त्यांना माझं नावच सापडेना. मेंदूत गाठ निघाली. त्या दिवशी जुई रडत म्हणाली, “मी त्यांना कधीपासून विसरलेले मराठी शब्द सांगत होते. आईला सांगू नको म्हणाले होते.” मी तिला जवळ घेतलं.

धुळ्याला ऑपरेशन झालं. शेवटच्या भेटीत ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, “काएरो... काएरो.”

“बरळताहेत,” नर्स म्हणाली.

“नाही,” जुई म्हणाली. “घरी जाऊ या म्हणताहेत.”

मी त्यांचा हात धरून म्हटलं, “उद्या जाऊ हं, नाना.” फोन आला तो त्याच उद्याच्या सकाळी.

शाळेला निघताना जुई अजून वरच्या खोलीच्या दाराशी थांबते. “इत्तेकिमास,” म्हणते... म्हणजे जाऊन येते. आतून नाना “इत्तेराश्शाइ” म्हणायचे, जाऊन ये. काल तिच्या वहीतून तो शब्द मी घोकला आणि आज सकाळी त्या खोलीत उभी राहून कसाबसा म्हटला. ती निम्म्या जिन्यात थबकली.

“आई,” खालूनच म्हणाली, “‘श्शा’ जोरात म्हणायचं.”