लेकीचं बाळंतपण

काशीनाथ सुर्व्यांना दोन मुलगे. दोघांच्या बायका रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला आपापल्या माहेरी गेल्या आणि काशीनाथरावांच्या वाट्याला नुसते पेढे आले. ओव्याची धुरी, आळिवाची खीर, "आमची लेक आलीय" असं जिन्यात थांबून सांगणं, यातलं काहीच त्यांच्या घरी घडलं नाही. ही हौस त्यांनी गोदीतल्या नोकरीत दाबली, परळच्या खोलीत दाबली. भाईंदर पूर्वेला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आल्यावर ती एका फिंचच्या जोडीवर उतरली.

फिंच म्हणजे चिमणीहून लहान, लाल चोचीचा परदेशी पक्षी. काशीमिऱ्याच्या दुकानदाराने त्यांना पिंजरा, कांगणीचे दाणे आणि पिंजऱ्यात टांगायला भोक पाडलेलं छोटं मडकं दिलं. "मटकी में अंडा देगी, बस, हाथ मत लगाना," तो म्हणाला. काशीनाथरावांनी हे वाक्य 'बस'पर्यंतच ऐकलं.

पिंजरा गॅलरीत टांगला आणि त्यांच्या बायकोची, मृणालिनीबाईंची, कपड्यांची दोरी सुटली.

थोड्याच दिवसांत मादीने वालाच्या दाण्यांएवढी पांढरी अंडी घातली. काशीनाथरावांनी माझी बेल वाजवली. "वहिनी, लेकीला दिवस गेलेत."

"अंडी घातली ना? मग दिवस गेले नाहीत, संपले."

"तुम्हाला शास्त्र ठाऊक, आम्हाला रीत."

रीतीप्रमाणे त्यांनी मडक्याला बांगड्या बांधल्या. आळीव गुळात कालवून वाटीत ठेवले. संध्याकाळी करवंटीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून पिंजऱ्याखाली धुरी दिली. बाळंतीण मडक्यातून बाहेर पडली ती पलीकडच्या सळईला जाऊन चिकटली. पुन्हा काही ती आत गेली नाही. अंडी गार पडली.

"पहिलटकरीण आहे, घाबरली," काशीनाथराव म्हणाले.

दुसऱ्या खेपेला धुरी बंद झाली, पण भेटीला येणारे सुरू झाले. लेकीकडे बायका बघायला येतात, त्याशिवाय बाळंतपण कसलं? वरच्या मजल्यावरच्या मिनलबेन खाकरा घेऊन आल्या. "काका, डिलिवरी कब है?" असं विचारून त्यांनी मोबाइलचा उजेड थेट मडक्यात टाकला. प्रत्येक भेटीनंतर काशीनाथराव आत बोट घालून अंडी जागेवर आहेत ना, हे चाचपून बघायचे. शेवटी नराने स्वतःच एकेक अंडं बाहेर लोटून दिलं. जावई तापट निघाला, असं आम्हाला सांगण्यात आलं.

तिसऱ्यांदा अंडी दिसली तेव्हा मृणालिनीबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "अहो, ऐका. या वेळी पिल्लू निघालं नाही तर तुमची लेक नि जावई दुकानात परत, आणि गॅलरी माझी. बेडरूममध्ये कपडे वाळवून भिंतीला बुरशी आलीय."

"लेकीला कुणी घालवतं का?"

"सासरी सगळेच घालवतात."

काशीनाथरावांचा चेहरा उतरला. जोडी जाणार, ही धमकी नव्हती. मृणालिनीबाई धमक्या देत नाहीत, तारीख देतात. काशीनाथरावांनी लगेच मेथी, शेपू आणि तिळाच्या तेलाची तयारी चालवली. पण त्याच आठवड्यात धाकट्या मुलाने त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून टाकलं. ते झाल्यावर डॉक्टरांनी वाकणं, धूर आणि ऊन तिन्ही बंद केलं. गॅलरीच्या दाराला जाड पडदा लागला. मृणालिनीबाई सकाळ-संध्याकाळ दाणापाणी ठेवायच्या, दोरीसाठी खिळा कुठे ठोकायचा ते बघायच्या आणि आत यायच्या. पिंजऱ्याकडे त्या मान वळवूनही बघत नसत.

इकडे बघणाऱ्यांची गर्दी काशीनाथरावांभोवती जमली. मिनलबेननी त्यांचा काळा चष्मा स्वतःच्या हाताने वर केला. "काका, ये कितनी उंगली है?" एकीने डोळ्यात मध घालायला सांगितला, दुसरीने गाजराचा रस पाजला. थोरल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर "बाबा, इकडे बघा, आता तिकडे बघा" असं करवून घेतलं. कुणीतरी दुपारी झोपेतून उठवून विचारलं, "झोप लागते ना नीट?"

काशीनाथरावांनी चादर डोक्यावरून घेतली. "मला जरा एकटं पडू द्या रे."

आणि एका दुपारी पडद्यामागून आवाज आला. अगदी बारीक, जाड कापडातून सुई ओढावी तसा. काशीनाथराव उठले, भिंत चाचपत गेले, कडीला हात घातला.

"उघडा की," कोथिंबीर निवडत मृणालिनीबाई म्हणाल्या. "दोरी आणूनच ठेवलीय मी."

पलीकडचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. त्यांनी कडीवरचा हात काढला आणि पडद्याची फट बंद केली.

मी कॅरमल पुडिंग घेऊन गेले तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "नंतर या वहिनी. लेक दमलीय." आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या की चहाचा कप रिकामा झाला की पाहुण्याने उठावं, इथे कपच मिळाला नाही. पुडिंग मात्र ठेवून घेतलं.

पिल्लं तीन निघाली. मृणालिनीबाईंनी शब्द पाळला, गॅलरी मागितली नाही. त्यांनी दोरी हॉलमध्ये बांधली. हल्ली त्यांच्याकडे जाणाऱ्याला ओल्या साड्यांखालून वाकून सोफ्यापर्यंत पोचावं लागतं, आणि कुणी कुरकुर केली की मृणालिनीबाईच हळू आवाजात दटावतात, "हळू बोला जरा. घरात बाळंतीण आहे."