आईंच्या पेशी आणि शेवटची आंघोळ

आई एचआयव्हीने गेल्या नाहीत.

हार्ट अटॅकने गेल्या. काल सकाळी, चहा गाळता गाळता.

त्यांना एचआयव्ही होता, हे मात्र खरं. "मी गेल्यावर लोक कुजबुजतील. त्यापरीस तूच फेसबुकवर टाक," असं त्यांनीच मला बजावलं होतं.

सासूची ऑर्डर आहे. टाळणार कशी?

लग्न ठरायच्या आधी त्यांनी मला एकटीला बाजूला घेतलं होतं.

"माझ्या रक्तात हा रोग हाय. नवऱ्याकडून आला, तो तर गेला. पोराला नाय. आता तू ठरव."

मी ठरवलं. असली सासू सोडतं का कोणी?

सासरे गेले तेव्हा त्यांना आंघोळसुद्धा घातली नव्हती. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर अमरधाम स्मशानात. त्यांच्या सख्ख्या बहिणीनेही हात लावला नाही. आईंना ते फार लागलं होतं.

"मला मात्र घरी न्हाऊ घाल," एवढंच त्या मागायच्या.

आईंचं निदान उशिरा झालं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा सीडी फोर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशी, अगदी तळाला गेलेल्या.

गोळ्यांनी व्हायरस दबला. इतका, की टेस्टमध्ये सापडेना.

पेशी मात्र थोड्या वाढल्या आणि अडून बसल्या. सोबत गोळ्या घेणाऱ्या बायकांचे काउंट चढायचे, आईंचा तिथल्या तिथेच.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "उशिरा सुरुवात झाली की काहींचं असं होतं. गोळी अजिबात सोडायची नाही."

आमच्या आत्याबाई, म्हणजे आईंच्या नणंद, प्रत्येक रिपोर्टनंतर फोन करायच्या. "वाढल्या का गं पेशी? नाय ना? मंग कशाला खाती त्या गोळ्या? काढा घे."

आईंनी निम्मं आयुष्य विंचूरकडच्या द्राक्षबागांत मजुरी केलेली. त्या शांतपणे सांगायच्या, "वन्सं, फवारणीनं वेलीवरचा डावणी रोग थांबतो. झडलेली पानं लगेच येत्यात का? म्हणून फवारणी सोडायची व्हय?"

आणि गोळी तोंडात टाकायच्या. लग्नघरात, एसटीत, कुठेही. कुणी बघतंय का, याची पर्वाच नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा काउंट अडला असेल, तर प्लीज, गोळी सोडू नका. आई त्या अडलेल्या पेशींवर जगल्या, आणि मस्त जगल्या.

काल मी पाणी तापवलं, तर आत्याबाई दारात आडव्या.

"आंघोळ नको. तिच्या पेशी वाढल्याच नव्हत्या. म्हंजी रोग अंगात तसाच हाय."

कॉलनीतल्या बायका मागे सरकल्या. नवरा भिंतीला टेकून नुसता बघत होता.

मला रडू यायला हवं होतं. राग आला.

"आत्या, पेशी कमी म्हणजे आईंना दुसरे आजार पटकन होणार. आपल्याला नाही. व्हायरस तर कित्येक वर्षं सापडत नव्हता. आणि हात लावून हा रोग कधीच होत नाही. तुम्ही तुमच्या भावाला आंघोळ घातली असती ना, तरी झाला नसता."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. पण खरं होतं, आणि मी ते मागे घेणार नाही.

आत्याबाई दारातून बाजूला सरकल्या.

मी एकटीनेच सुरुवात केली. केस धुतले, हात धुतले. आईंना कुशीवर वळवायची वेळ आली आणि मला एकटीला ते जमेना.

तेव्हा आत्याबाई आत आल्या. पदर खोचला, आईंना खांद्याला धरून वळवलं आणि पाठीवर पाणी ओतलं. मग एकेक करत बाकीच्या बायकाही आल्या.

पांढरं पातळ नेसवलं. मेणबत्ती लावली. त्रिशरण, पंचशील झालं.

मघाशी आईंची पाठ चोळताना आत्याबाई हमसून हमसून रडत होत्या.

नाव मात्र त्यांच्या भावाचं घेत होत्या.

आई, जयभीम. निवांत जा.